हाकेला वर्गणी लावू नका

ॲपलने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ साठी अमेरिका आणि कॅनडात उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठवण्याची सोय सुरू केली, तेव्हा ती दोन वर्षे मोफत असेल असे सांगितले होते. वर्ष होते न होते तोच मुदत एका वर्षाने वाढली. सप्टेंबर २०२५ मध्ये ती जुन्या ग्राहकांसाठी पुन्हा एका वर्षाने वाढली. गूगलने २०२४ मध्ये पिक्सेल ९ मध्ये अशीच सोय दिली, तीही पहिल्या दोन वर्षांपुरती मोफत. मुदतवाढीने प्रश्न सुटत नाही, नुसता पुढे ढकलला जातो, आणि दर वेळी तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, कंपन्या माणसाच्या जिवावर नफा कमवायला निघाल्या आहेत, सगळे फुकट द्या. दुसरी म्हणते, उपग्रह काय झाडाला लागतात? वापरणाऱ्याने पैसे मोजावेत. हा वाद ऐकताना वाईट वाटते, कारण दोन्ही बाजू दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करून भांडत आहेत.

डोंगरमाथ्यावर पोहोचल्याचे घरी कळवणे ही एक गोष्ट. पाय मोडून दरीत पडलेल्या माणसाने बचाव पथकाला आपला ठावठिकाणा कळवणे ही दुसरी. दोन्ही संदेश एकाच फोनमधून, एकाच उपग्रहाकडे जातात, म्हणून ते एकाच दरपत्रकात बसवायचे का? माझे म्हणणे असे आहे : जीव धोक्यात असताना बचाव यंत्रणेला पाठवलेला संदेश कोणत्याही वर्गणीवर अवलंबून असता कामा नये. ज्या फोनमध्ये ही क्षमता आहे त्या फोनमध्ये तो चालू आहे तोवर ती चालली पाहिजे, मालक पहिला असो वा तिसरा. मित्रांशी गप्पा, फोटो, प्रवासात सतत ठावठिकाणा कळवत राहणे, बंद पडलेल्या गाडीसाठी मदत मागवणे, यांसाठी खुशाल पैसे घ्या, हवे तेवढे घ्या. आणि संकटसंदेशाची ही मोकळीक कंपनीच्या मर्जीवर सोडू नका, ती उपग्रहसेवेच्या परवान्याची अट करा.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा खर्चाचा आहे आणि तो उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. ॲपलची सोय ग्लोबलस्टारच्या ज्या उपग्रहांवर चालते ते सुमारे चौदाशे किलोमीटर उंचीवरून ताशी पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असतात. त्यांचे संदेश उतरवून घ्यायला जमिनीवर मोठे ॲन्टेना लागतात. जिथल्या आपत्कालीन केंद्राला लेखी संदेश घेता येत नाही तिथे मध्ये प्रशिक्षित माणसे बसवावी लागतात. ती संदेश वाचतात, प्रश्न विचारतात आणि योग्य पथकाला फोन करतात. दिवसरात्र, सणवार न बघता. ॲपलने २०२२ मध्ये या कामासाठी ४५ कोटी डॉलर गुंतवले, त्यातला बहुतांश पैसा ग्लोबलस्टारकडे गेला. २०२४ मध्ये आणखी सुमारे दीड अब्ज डॉलर द्यायचे ठरले. गार्मिनच्या इनरीचसारखी, उपग्रहावरून संदेश पाठवणारी स्वतंत्र उपकरणे तर कित्येक वर्षे वर्गणीवरच चालत आली आहेत. वर्गणी चालू नसेल तर त्यावरून संकटसंदेश जात नाही, हे माहीत असूनही गिर्यारोहक आणि नाविक ती आनंदाने भरतात. त्यांच्याच पैशातून उपग्रहावरून आलेला संदेश हाताळण्याचे कसब तयार झाले. पहिल्या दिवसापासून सगळे फुकट द्यायची सक्ती असती तर हा धंदा उभा राहिला असता का? बहुधा नाही.

पण खर्च आहे एवढ्याने तो संकटात सापडलेल्याच्या वर्गणीतूनच निघाला पाहिजे असे ठरत नाही. आधी खर्च कशाचा आहे ते पाहू. संकटसंदेश म्हणजे दाबून लहान केलेला काही ओळींचा मजकूर, अक्षांश-रेखांश आणि बॅटरी किती उरली याची नोंद. असे संदेश दिवसभरात कितीही आले तरी त्यांच्यासाठी वेगळा उपग्रह सोडावा लागत नाही. अब्जावधी डॉलर ओतले जात आहेत ते पुढच्या व्यापारासाठी : उपग्रहावरून रोजचे संदेश, मग बोलणे, मग इंटरनेट. संकटसंदेश या गाडीच्या टपावर बसून जातो. तेव्हा खरा प्रश्न पैसे कोणत्या खिशातून आणि कोणत्या वेळी घ्यायचे, हा आहे. या प्रश्नाचे उत्तर माणसाने शंभर वर्षांपूर्वीच शोधून ठेवले आहे, तेही अत्यंत व्यवहारी लोकांच्या जगात, समुद्रावर.

बुडणारे जहाज किंवा त्यावरचा माल वाचवणाऱ्याला मोबदला मिळतो आणि तो घसघशीत असतो. माल वाचला नाही तर काही नाही, वाचला तर त्याच्या किमतीच्या हिशेबाने. खासगी कंपन्या यावर पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. मात्र १९१० च्या ब्रसेल्स करारापासून एक नियम आहे आणि १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातही तो कायम राहिला : ज्याचा जीव वाचवला त्याच्याकडून मोबदला मागता येत नाही. कप्तानावर तर मदतीला धावण्याचे बंधनच आहे. मग माल सोडून माणसे काढण्यात वेळ घालवणाऱ्याचे काय? त्याच कलमात उत्तर दिलेले आहे. त्याच अपघातात दुसऱ्या कुणी माल वाचवला असेल, तर त्याच्या मोबदल्यातला न्याय्य वाटा जीव वाचवणाऱ्याला मिळतो. म्हणजे जिवाचा खर्च मालाने उचलायचा. जहाजमालक, विमा कंपन्या आणि सरकारे यांनी ठरवलेली ही तडजोड आहे. धर्मादाय वृत्तीचा तिच्याशी संबंध नाही, आणि तिच्यामुळे समुद्रावरचा बचावाचा धंदा बुडाला नाही. उपग्रहावरच्या गप्पांनी उपग्रहावरच्या हाकेचा भार उचलावा, हे माझे म्हणणे याच जातीचे आहे.

वर्गणीचा दोष रकमेत नाही. महिना दहा डॉलरऐवजी एक डॉलर केला तरी तो जात नाही. वर्गणी माणसाकडून एक भाकीत मागते : पुढच्या वर्षभरात तू संकटात सापडणार आहेस का? जो मोहिमेवर निघतो त्याला याचे उत्तर माहीत असते, म्हणूनच इनरीचची वर्गणी त्याच्यापुरती योग्य ठरते. तो जाणूनबुजून ते उपकरण विकत घेतो. फोन तसा नसतो. तो प्रत्येकाच्या खिशात असतो आणि संकट बहुतेकांना न विचारता गाठते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याचा पश्चिम डोंगराळ भाग झोडपला तेव्हा वीज, रस्ते आणि मोबाइल मनोरे एकाच वेळी गेले, आणि कित्येकांना बाहेरच्या जगाशी जोडणारा एकच धागा उरला, तो उपग्रहाचा. ती माणसे साहसाला निघालेली नव्हती, आपापल्या घरात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये माऊई बेटावरच्या लाहायनात आग पसरली तेव्हाही तेच. ‘धोका पत्करणाऱ्याने पैसे भरावेत’ हे वाक्य या माणसांपुढे उभे राहून म्हणता येईल का?

विमाही भाकितावरच चालतो, मग विमा योग्य आणि ही वर्गणी अयोग्य कशी, असे कुणी विचारेल. फरक आहे. विमा नसलेल्याचे नुकसान झाले तर त्याला भरपाई मिळत नाही, पण आग विझवायला बंब येतो. बंबच वर्गणीवर ठेवला तर काय होते याचे उदाहरण अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात आहे. तिथल्या साउथ फुल्टन गावाचे अग्निशमन दल गावाबाहेरच्या घरांना वर्षाला ७५ डॉलर घेऊन सेवा देत असे. सप्टेंबर २०१० मध्ये वर्गणी न भरलेल्या एका घराला आग लागली. बंब आला, पण तो वर्गणी भरलेल्या शेजाऱ्याचे शेत वाचवायला. घरमालक तिथल्या तिथे लागतील तेवढे पैसे द्यायला तयार होता, तरी जवानांनी त्याचे घर जळू दिले. दलाचा युक्तिवाद तर्काला धरून होता : आग लागल्यावर पैसे घेऊ लागलो तर आधी कोण भरेल? तर्क बिनतोड आहे, आणि म्हणूनच तो वर्गणीच्या पद्धतीविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा आहे. वर्गणी टिकवायची तर न भरणाऱ्याचे घर कधीतरी जळताना दिसावे लागते. उपग्रहाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो? डोक्यावर उपग्रह आहे, हातातल्या फोनमध्ये ताकद आहे, पलीकडे पथक तयार आहे, आणि संदेश जात नाही, कारण कार्डाची मुदत संपल्याने गेल्या महिन्याचे पैसे कापले गेले नाहीत. अशी एक घटना घडली की कोणती कंपनी आपल्या नियमाचे समर्थन करायला पुढे येईल? मुदतवाढीमागे हेही एक कारण असावे असे मला वाटते. कळ बंद करणारा पहिला हात कुणालाच आपला नको आहे.

काहीजण मधला मार्ग सुचवतात : वर्गणी नको, पण वापर झाला तर नंतर बिल पाठवा. वर्गणीपेक्षा हे बरे, पण पुरेसे नाही. अमेरिकेतल्या माउंटन रेस्क्यू असोसिएशनची भूमिका अनेक वर्षे ठाम आहे की बचावासाठी पैसे आकारू नयेत. तिचे कारण डोंगरात राबणाऱ्या लोकांनी दिलेले आहे. बिलाची धास्ती असलेला माणूस फोन करायला उशीर करतो. दुपारी चालत बाहेर काढता आला असता तो रात्री, थंडीत गारठलेला, स्ट्रेचरवरून काढावा लागतो, आणि त्यात पथकाचाही जीव धोक्यात जातो. लंडनमध्ये १९३७ साली ९९९ हा आपत्कालीन क्रमांक सुरू झाला तेव्हा नाणे टाकल्याशिवाय न चालणाऱ्या सार्वजनिक फोनवरूनही तो फुकट लागावा याची तांत्रिक तजवीज केली गेली. खिशात सुटे नाहीत म्हणून माणूस मरू नये, हे त्या काळी फोनसेवा चालवणाऱ्या टपाल खात्यालाही कळत होते.

‘वापरणाऱ्याने पैसे भरावेत’ या तत्त्वाचा हिशेबही पुरता मांडला जात नाही. संदेश गेला तर पथकाला नेमकी जागा कळते. नाही गेला तर दुसऱ्या दिवशी घरचे तक्रार करतात, आणि हेलिकॉप्टर, कुत्री, शेकडो स्वयंसेवक एखादा अख्खा डोंगर पालथा घालतात. हा शोध बहुतेक ठिकाणी जनतेच्या पैशाने किंवा स्वयंसेवकांच्या घामाने होतो. वर्गणीचे उत्पन्न कंपनीकडे जाते आणि वर्गणी नसल्याने वाढलेला खर्च समाजाकडे येतो. वापरणाऱ्याने भरावे म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही जमेस धरावा. संकटसंदेश मोफत ठेवण्यात सर्वांत मोठी बचत बचाव यंत्रणेचीच आहे.

आता खोट्या इशाऱ्यांचा मुद्दा. तो खरा आहे. सेवा फुकट असली की लोक उगाच वापरतात ही भीती निराधार नाही. अमेरिकेत वर्गणी नसलेल्या फोनवरूनही ९११ हा आपत्कालीन क्रमांक लागलाच पाहिजे असा नियम आहे, आणि अशा फोनवरून थट्टेचे, त्रास देणारे फोन येतात ही तिथल्या केंद्रांची जुनी तक्रार आहे. पण त्या फोनची अडचण ते फुकट आहेत ही नाही, ते निनावी आहेत ही आहे. उलट उदाहरण पाहा. २०२२-२३ च्या हिवाळ्यात स्कीइंगच्या ठिकाणांहून आपत्कालीन केंद्रांना चुकीच्या फोनांचा भडिमार झाला, कारण नव्या आयफोनमधली अपघात ओळखणारी यंत्रणा घसरून पडण्यालाच गाडीची धडक समजत होती. त्या स्कीअरांच्या फोनचे बिल दर महिन्याला नीट भरलेले होते. वर्गणीने एकही चुकीचा फोन अडला नाही. सॉफ्टवेअर सुधारल्यावर ते कमी झाले.

या बाबतीत सर्वांत शिकवणारा इतिहास कोस्पास-सारसॅटचा आहे, आणि या वादात त्याचे नाव क्वचितच निघते याचे मला फार आश्चर्य वाटते. १९७९ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून उपग्रहांमार्फत संकटसंकेत टिपण्याची व्यवस्था उभारायचे ठरवले. पहिला उपग्रह सोव्हिएत संघाने जून १९८२ मध्ये सोडला. त्याच सप्टेंबरात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या लहान विमानातली तीन माणसे त्याने टिपलेल्या संकेतामुळे वाचली. एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेल्या देशांना जे फुकट देणे परवडले, ते आज कुणाला परवडत नाही? संकटसंकेत सोडणारे छोटे यंत्र, म्हणजे बीकन, विकत घ्यावा लागतो, पण संकेत टिपण्याचे आणि पोहोचवण्याचे पैसे संकटग्रस्ताकडून घेतले जात नाहीत. या व्यवस्थेने आजवर पन्नास हजारांहून अधिक माणसे वाचवायला हातभार लावला आहे. खोटे इशारे तिथेही होते, आणि भरमसाट होते. जुने १२१.५ मेगाहर्ट्‌झचे बीकन कुणाचे हे कळायला मार्ग नसे. त्यावर उपाय म्हणून वर्गणी लावली गेली नाही. प्रत्येक बीकनला स्वतःची ओळख असलेली ४०६ मेगाहर्ट्‌झची पद्धत आणली, नोंदणी आणली, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये उपग्रहांनी जुने संकेत ऐकणे बंद केले. इशारा आला की केंद्र आधी नोंदवलेल्या क्रमांकावर फोन करते. निम्मी शहानिशा तिथेच होते. स्मार्टफोन तर जन्मतःच ओळख घेऊन येतो, आणि संदेश जाण्याआधी काय झाले, किती जण आहेत, कुणी जखमी आहे का, हे विचारतो. मुद्दाम खोडसाळपणा करणाऱ्याला दंड करा, जबर करा. त्याच्यासाठी प्रामाणिक माणसाच्या वाटेवर नाका कशाला?

फोन हातात आहे म्हणून लोक बेफिकीर होऊन डोंगर चढतील, असेही म्हटले जाते. काहीजण चढतीलही. पण तो फोन वर्गणीचा असला तर बेफिकिरी कमी होईल का? पैसे भरलेला माणूस उलट हक्काने बेफिकीर होतो.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा आक्षेप वेगळाच आहे. ही सोय महागड्या फोनमध्येच आहे, तेव्हा मोफतची मागणी म्हणजे सधनांना आणखी सवलत देण्याची मागणी नाही का? यात तथ्य आहे. पण फोन एका हातात राहत नाही. घेणारा दोन-तीन वर्षांनी बदलतो. तोच फोन मग धाकट्या भावाकडे, पुतणीकडे, जुन्या फोनच्या बाजारात आणि तिथून कमी कमाईच्या माणसाकडे जातो. मोफत मुदत मात्र नवा फोन पहिल्यांदा सुरू झाल्या दिवसापासून मोजली जाते. म्हणजे ज्याला वर्गणी सहज परवडली असती त्याला ती फुकट, आणि ज्याला परवडत नाही त्याच्या हाती फोन येईतो कळ बंद! सधनांना सवलत नको असे खरोखर वाटत असेल, तर मुदतीची मर्यादा काढून टाकण्याइतका सरळ उपाय दुसरा नाही.

कंपन्यांना कायद्याने बांधले तर त्या ही सोयच काढून घेतील, अशी धमकीवजा भीती घातली जाते. अट चुकीच्या जागी घातली तर तसे होऊ शकते. ‘संकटसंदेश दिलात तर फुकट द्या’ असा नियम केला तर न देणे सोपे. म्हणून अट स्पेक्ट्रमच्या, म्हणजे रेडिओ लहरी वापरण्याच्या, परवान्यात हवी : ज्याला आकाशातून थेट फोनशी बोलायचा व्यापार करायचा आहे, त्याने आपल्या जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक सक्षम फोनचा संकटसंदेश वाहिलाच पाहिजे, तो फोन कुणाचाही ग्राहक असो. स्पेक्ट्रम जनतेचा आहे आणि तो वापरू देताना अशा अटी घालणे नवे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्कोनी कंपनीची केंद्रे प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवरून आलेले संदेश घेत नसत. आपले ग्राहक तेवढे आपले, हा न्याय. १९०६ च्या बर्लिन कराराने किनारी केंद्रांना यंत्र कुणाचे हे न पाहता संदेश घेणे भाग पाडले आणि संकटाच्या हाकेला सर्वांत आधी जागा दिली. आजच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या घटनेतही रेडिओ केंद्रांनी संकटाची हाक, ती कुठूनही आलेली असो, सर्वप्रथम स्वीकारली पाहिजे असे कलम आहे. एप्रिल १९१२ च्या त्या रात्री टायटॅनिकचा रेडिओ ऑपरेटर प्रवाशांच्या पैसे भरलेल्या तारा पाठवण्यात गढलेला होता. जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने दिलेला हिमखंडांचा इशारा त्याने मध्येच तोडला. कॅलिफोर्नियनचा एकुलता ऑपरेटर थोड्याच वेळात यंत्र बंद करून झोपायला गेला. १९१४ च्या सागरी सुरक्षेच्या करारात रेडिओवर अखंड पहाऱ्याची सक्ती आली ती यामुळे. धंद्याच्या संदेशांसाठी उभारलेल्या जाळ्याला जिवाची जबाबदारी नियमाने जोडावी लागते, आपोआप ती जुळत नाही.

आणि अशी अट खासगी उपग्रह कंपन्यांना झेपते. इनमारसॅट १९७९ मध्ये अनेक देशांची मिळून स्थापन झाली आणि १९९९ मध्ये खासगी झाली, तरी जहाजांच्या संकटसंदेशांची जबाबदारी तिच्यावर राहिली, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला आंतरसरकारी संघटना ठेवली गेली. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने इरिडियम या उपग्रह कंपनीलाही या व्यवस्थेत मान्यता दिली. बंधने माहीत असून ती कंपनी स्वतःहून आत आली. अमेरिकेतल्या टी-मोबाइल या फोन कंपनीने जुलै २०२५ मध्ये स्टारलिंकच्या उपग्रहांवरची सेवा महिना दहा डॉलरला विकायला सुरुवात केली, आणि नोव्हेंबरात जाहीर केले की तिच्यावरून ९११ ला संदेश पाठवणे प्रतिस्पर्ध्यांच्या ग्राहकांनाही मोफत असेल. गप्पांना पैसे, हाक मोफत. जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते एका स्पर्धक कंपनीने बाजारातच करून दाखवले. तिचे कौतुक केले पाहिजे. पण तिने जे स्वतःहून दिले ते उद्या स्वतःहून काढूनही घेता येते.

एक भार मात्र कंपन्यांवर टाकू नये असे मला वाटते, आणि तो मध्यस्थ केंद्रांचा आहे. संदेश वाचून पथक हलवणे हे मुळात सार्वजनिक आपत्कालीन सेवेचे काम आहे. ज्या देशांची केंद्रे अजून लेखी संदेश घेऊ शकत नाहीत त्या सरकारांनी ती सक्षम करावीत आणि तोवर मध्यस्थ केंद्रांचा खर्च वाटून घ्यावा. परवाने देण्याचे काम अनेक देशांत आता कुठे सुरू होत आहे, त्यामुळे अट घालायची ती याच टप्प्यावर. तोपर्यंत फोन विकणाऱ्यांनी एवढे तरी करावे : खोक्यावर ‘दोन वर्षे मोफत’ लिहिण्याऐवजी, हा फोन चालू असेपर्यंत त्यावरचा संकटसंदेश बंद केला जाणार नाही असे लेखी द्यावे, आणि ते वचन फोनबरोबर पुढच्या मालकाकडे जाईल असेही त्यात म्हणावे.